सांबऱ्याच्या आप्पांचं पुढचं चाक

माझ्या दुकानात येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांना गाडी थांबवायची नसते. त्यांना फक्त डिस ब्रेक पाहिजे असतो.

बेळगावात खासबागला माझं दुकान आहे. शेतकरी, मास्तर, दूधवाले वापरतात त्या लहान मोटरसायकलींना जुनी चाकं आणि जुन्या डिस प्लेटा शोधून आणून बसवणं, हा धंदा. दुकानाच्या पाटीवर वर कन्नड आणि खाली मराठी आहे. पेंटरनं दोन्ही भाषांत सारख्याच चुका केल्यात, त्यामुळं आजवर कुठल्याही बाजूनं तक्रार आलेली नाही.

ज्यांनी कधी गाडीखाली डोकं घातलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या गाडीला पुढं ड्रम ब्रेक असतो. चाकाच्या मधल्या डब्यात दोन लायनर असतात, लिव्हर दाबली की ते आतून डब्याला घासतात. डिसमध्ये चाकाच्या बाजूला पोलादी ताटली असते आणि तिला कॅलिपर नावाचा चिमटा दोन्हीकडून धरतो. चिमट्यामागचा जोर तेलाचा. ड्रमच्या गाडीला डिस करायची म्हणजे ताटली आवळली की झालं, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात चाक बदलावं लागतं, चिमटा बसेल असा पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचा पाय बदलावा लागतो, हँडलवर तेलाची डबी, खाली नळी, आणि मग त्या नळीतली सगळी हवा काढावी लागते. हवा राहिली तर लिव्हर स्पंजासारखी दबते आणि गाडी तिच्या सवडीनं थांबते.

एकदा खानापूरकडचा एक तरुण पिशवीतून नुसती डिस प्लेट घेऊन आला. चकचकीत, भोकाभोकांची.

"ही तेवढी बसवून द्या अण्णा."

"कॅलिपर कुठाय?"

"ते कशाला?"

"थांबायला."

"थांबायला हाय की ड्रम. ही दिसायला."

त्याला पोरगी बघायला जायचं होतं. मी म्हटलं, "पोरीच्या बापाला गाडीतलं कळत असलं तर?" तो म्हणाला, "कळत असतं तर शंभर सीसीवाल्याला पोरगी दाखवली असती व्हय?" मी प्लेट बसवली नाही, पण दुसऱ्या कुणीतरी बसवली. लग्न झालं. जावई आजही ती ताटली मिरवतो आणि उतारावर चप्पल घासून गाडी थांबवतो.

माल आणायला मी निपाणीला जातो. तिथं हायवेच्या कडेला इस्माईलभाईचा पत्र्याचा शेड आहे. दोन्ही राज्यांतल्या गाड्या तिथं शेजारीशेजारी सुट्या होऊन पडतात. माणसं ज्या प्रश्नावर इतकी वर्षं भांडतायत, तो चाकांनी केव्हाच मिटवलाय. महाराष्ट्राच्या गाडीचं चाक कर्नाटकाच्या गाडीत बिनतक्रार फिरतं, बेअरिंग तेवढं चांगलं पाहिजे. इस्माईलभाईकडचं प्रत्येक चाक कुठल्यातरी मास्तरणीच्या गाडीचं असतं आणि ती मास्तरीण फक्त घर ते शाळा एवढंच जात असते. त्या भागात खरंच एवढ्या मास्तरणी असत्या तर आजूबाजूच्या गावांत शिपाई व्हायला माणूस मिळाला नसता.

म्हणून मी त्याचं ऐकतो आणि चाक बघतो. एक्सलवर फिरवून रिमजवळ खडू धरायचा. रिम जिथं बाहेर आली असेल तिथंच खडू उमटतो. तारांचं चाक असेल तर तारा ओढून तो आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढता येतो. मॅगव्हील, म्हणजे ओतीव चाक, तडकलं की संपलं. पण आमच्याकडं तडकलेलं चाक वेल्डिंग करून, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, काळा रंग मारून विकणारे कलाकार आहेत. त्यांना राज्य पुरस्कार द्यायला हरकत नाही, कुठल्या राज्यानं द्यायचा एवढाच प्रश्न आहे.

असो. सांगायचं आहे ते सांबऱ्याच्या आप्पांबद्दल.

आप्पा बेळगावजवळच्या सांबऱ्याचे, निवृत्त बस ड्रायव्हर. सगळी नोकरी सरकारी बसवर, त्यातली बरीचशी बेळगाव-निपाणी रस्त्यावर. इतक्या वर्षांत बसला ओरखडा उमटला नाही, हे ते स्वतःच सांगत. दुसऱ्याला सांगायची संधी देत नसत. मुलगा मनोहर शहरात एका ऑफिसात कामाला. त्याची बायको सुरेखा घर, दोन म्हशी आणि आप्पा असं तिन्ही सांभाळायची. आप्पांची एक जुनी शंभर सीसीची गाडी होती. रोज सकाळी ती घेऊन बेळगावात यायचं, स्टँडवर जुन्या सोबत्यांबरोबर चहा घ्यायचा, हल्लीची पोरं बस किती वाईट चालवतात ते डोळे भरून बघायचं आणि समाधानानं परत जायचं, असा त्यांचा दिनक्रम.

एक दिवस ते दुकानात आले. पुढचा मडगार्ड चेपलेला.

"परश्या, ब्रेक लागत न्हाय रं."

"कशावर घातली आप्पा?"

"मी कशाला घालीन? उसाची ट्रॉली कडंला उभी हुती. तिच्या कोपऱ्यावर गेली गाडी."

गाडी गेली होती. आप्पा फक्त वर बसले होते.

मी लायनर बदलले. थोड्या दिवसांनी परत आले, या खेपेला आरसा तुटलेला. हातगाडी आडवी आली होती. त्यानंतर म्हैस आली. त्यानंतर तर एका बंगल्याचं फाटक आलं.

"फाटक कसं आडवं येईल आप्पा?"

"उघडं हुतं. बाजूनं आलं."

त्या दिवसांत सांबऱ्याच्या रस्त्यावरची प्रत्येक वस्तू बाजूनं यायला लागली होती. आणि दर वेळी आप्पांचं एकच, ब्रेक लागत न्हाय. मी स्वतः गाडी चौकापर्यंत नेऊन बघितली. ब्रेक असा लागला की मी टाकीवर येऊन बसलो. आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "तुज्या हातात लागतंय. माज्या हातात लागत न्हाय."

मी चेष्टेनं म्हटलं, "डोळं दाखवून घ्या की एकदा."

आप्पांनी माझ्या बाकावरचा पेपर उचलला. चष्मा न लावता, हात लांब न करता, आतल्या पानावरची मुंगीएवढ्या अक्षरातली टेंडर नोटीस घडाघडा वाचून दाखवली. पेपर खाली ठेवून म्हणाले, "आनि काय वाचू?"

दुकानात बसलेल्या दोघांना त्या टेंडरची तारीख निघून गेल्याचं फार वाईट वाटलं.

"मला डिस बसव," आप्पा म्हणाले.

मी निपाणीहून सगळं आणलं, ओतीव चाक, ताटली, शॉकॲब्सॉर्बरचा पाय, कॅलिपर, तेलाची डबी. मनापासून बसवलं. कॅलिपरच्या मधोमध ताटली अशी फिरत होती की दोन्हीकडं जेमतेम कागद सरकला असता. आप्पांनी लिव्हर दाबून बघितली आणि नवऱ्या मुलाच्या बापानं हुंड्याशिवाय मुलगी मागितल्यावर नवरीचा बाप हसतो तसे हसले.

पंधरवडाही गेला नसेल, आप्पा कोपराला पट्टी बांधून आले. सांबऱ्याच्या बाजाराजवळ एक वासरू बाजूनं आलं. आप्पांना ते चाकाजवळ आल्यावर दिसलं. त्यांनी डिस आवळली आणि गाडी जागच्या जागी आडवी झाली. वासराला काही झालं नाही.

"परश्या, ही डिस लई कडक हाय रं."

म्हणजे आधी ब्रेक ढिला होता आणि आता कडक. मधला जो कोण गाडी चालवत होता, त्याची काहीच चूक नव्हती. मी मान डोलावली. गिऱ्हाइकासमोर मान डोलवायला धंद्यात पडल्यापासून शिकलोय, आणि ही विद्या माझ्या इतर कुठल्याही विद्येपेक्षा जास्त महागात पडलीय.

त्यानंतर एका दुपारी सुरेखा आली. बसनं आली होती, हातात पोतं. पोतं तिनं माझ्या टेबलावर ठेवलं. आत चाक होतं, मीच बसवलेलं, डिससकट.

"अण्णा, हे ठेवून घ्या."

"आप्पांनी पाठवलं?"

"मी काढलं. मामंजी जेवून झोपलेत."

मी तिला बाकावर बसवलं. तिनं सांगितलं ते असं. वासराच्या प्रकारानंतर आप्पांना डोळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. काचबिंदू निघाला.

"समोरचं समदं दिसतंय. कडंचं न्हाय. नळीतनं बघितल्यागत. गेलेली नजर परत येत न्हाय म्हणाले, थेंब घालून हाय तेवढी राखायची. गाडी बंद म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग बंद करा की."

"घरी आल्यावर मामंजी म्हणाले, डॉक्टर कालचं पोरगं हाय, त्याला गाडीतलं काय कळतंय."

"मनोहर काय म्हणतो?"

"ते म्हणतात, तू सांग. मी म्हटलं, वडील तुमचे हायत. तर म्हणाले, बघू." सुरेखानं पदरानं घाम पुसला. "आमच्यात 'बघू' म्हणजे न्हाय."

चाक मी निरखून बघितलं. कुठं ओरखडा नव्हता. "कुणी शिकवलं काढायला?"

"तुमी बसवताना मी आलते न्हवं मामंजींच्या मागनं? तवा बघितलं. कॅलिपरात पुठ्ठा बी घातलाय, लिव्हर कुणी दाबली तर पॅड मिटू नयेत म्हणून."

चाक बाहेर असताना लिव्हर दाबली तर चिमटा मिटतो आणि ताटली परत आत जात नाही. ही गोष्ट माझ्याकडं काम करून गेलेल्या कित्येकांच्या डोक्यात शिरली नव्हती.

"आनि मामंजी आले, दुसरं चाक मागितलं तर देऊ नका."

"आक्का, चाक द्यायचाच माझा धंदा हाय."

"एक माणूस सोडून समद्यास्नी द्या की."

ती गेली. मी चाक माळ्यावर टाकलं, वर फाटकी ताडपत्री ओढली. आपण एका म्हाताऱ्याचा आणि रस्त्यावरच्या बऱ्याच वासरांचा जीव वाचवला, असं मला वाटलं. चहा मागवून प्यालो.

दुसऱ्याच सकाळी आप्पा आले, बसनं.

"चोरी झाली रं."

"काय सांगताय! काय गेलं?" मी म्हटलं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला कधी नाटकात घेतलं नव्हतं, ते योग्यच होतं हे मला माझ्याच आवाजावरून कळलं.

"गाडीचं चाक. फकस्त पुढचं."

"अरारा."

"चोर मात्र लई गुणी हुता. गाडी इटंवर टेकवली. इटंवर पोतं घातलं, रंग खरवडू ने म्हणून. एक्सल, नट, वायसर समदं वाटीत घालून ठेवलं. वाटी आमच्याच घरातली."

"अलीकडं चोर शिकलेले असतात आप्पा."

"व्हय. कॅलिपरात पुठ्ठाबी घातलाय. तुज्याकडं शिकलाय काय?"

मी घसा साफ केला.

"बरं ते ऱ्हाऊ दे. दुसरं चाक दे."

"चाक न्हाय आप्पा."

आप्पांनी मान वर केली आणि हळूहळू दुकानभर फिरवली. माझ्या दुकानाच्या छताला चाकं टांगलेली असतात. पुढं चाकं, मागं चाकं, मधून जायचं तर माणसाला वाकावं लागतं.

"मग ह्या काय जिलब्या हायत?"

"त्यातलं एकबी तुमच्या गाडीला बसत न्हाय. एकाचा एक्सल जाड, एकाच्या डिसची भोकं वेगळी..."

धंद्याची हीच गंमत आहे. एरवी मी सांगितलेलं हे वाक्य शंभर टक्के खरं असतं आणि गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही. त्या दिवशी ते खोटं होतं आणि आप्पांनीही ठेवला नाही. ते उठले आणि बाहेर पडले.

ते कुठं जाणार हे मला कळलं. मी इस्माईलभाईला फोन केला, सांगितलं, असा असा म्हातारा येईल, त्याला चाक देऊ नको. दुपारी इस्माईलभाईचाच फोन आला.

"आलते तुमचे आप्पा. म्या सांगितलं, दुकान बंद हाय."

"मग?"

"म्हणाले, तू तर आत बसलायस. म्या म्हटलं, बसायला बसलोय."

"मग?"

"शिव्या दिल्या. कानडीत बी दिल्या. आनि हायवेकडं गेले."

हायवेच्या कडेला ताडपत्री अंथरून ढीग मांडून बसणारे असतात. वर सांगितलेले कलाकार ते हेच. आम्हा दोघांच्या शहाणपणाचा उपयोग इतकाच झाला, की आप्पांना चांगलं चाक मिळण्याचे जेवढे रस्ते होते तेवढे आम्ही नीट बंद करून ठेवले.

संध्याकाळी आप्पा चाक घेऊन हजर. निपाणीपासून मांडीवर घेऊन आले होते. पांढऱ्या धोतरावर काळ्या रंगाचा गोल उमटला होता. रंग अजून वाळला नव्हता, यातच सगळं आलं.

"बसव."

मी चाक फिरवलं, नख लावलं. एक ओतीव दांडी रिमला मिळते तिथं रंगाखाली वेल्डिंगचा उंचवटा होता.

"आप्पा, हे बसवणार न्हाय."

"ह्येबी बसत न्हाय?"

"बसतंय. पण मी बसवणार न्हाय. तडकलंय."

"कुठं? चांगलं काळंभोर हाय."

त्यांचं बोट धरून मी त्या जागेवर ठेवलं. "हितं. खड्ड्यात एकदा आपटलं की रिम एकीकडं आनि तुमी एकीकडं."

आप्पांनी बोट काढून घेतलं. "तू सबब सांगतोयस. सांबऱ्यापतुर दुकानं काय कमी हायत? दुसरा बसवंल."

आणि हे खरं होतं. बसवणारे होते. आप्पांनी चाक उचललं आणि तरातरा निघाले. दाराशी, उजव्या हाताला, एका गिऱ्हाइकाची गाडी स्टँडवर लावलेली होती. आत येतानाही ती तिथंच होती. आप्पा सरळ तिच्यावर गेले. ते तोल सावरून उभे राहिले, पण चाक हातातून सुटलं, पायरी उतरलं आणि रस्त्यावर पळत सुटलं. भाजीच्या हातगाडीवाल्यानं उडी मारली. एक सायकलवाला वाचला. चाक समोरच्या गटारीच्या कठड्याला आपटून आडवं पडलं.

आप्पा दारात उभे होते. एकदा डावीकडं बघितलं, एकदा समोर. पुन्हा डावीकडं.

"परश्या," ते हळूच म्हणाले, "कुठं गेलं रं चाक?"

इतकी वर्षं मी माणसांना गाड्यांच्या तक्रारी सांगताना ऐकलंय. त्या आवाजातली तक्रार पहिल्यांदाच ऐकली. मी जाऊन चाक आणलं. वेल्डिंगची जागा उकलली होती, पण ती मी दाखवली नाही. आप्पांना हाताला धरून बाकावर बसवलं. त्यांनी हात धरू दिला.

चहा आला. अर्धा कप झाल्यावर आप्पा म्हणाले, "माजं चाक तुज्याकडंच हाय न्हवं?"

"व्हय."

"वर?"

"माळ्यावर."

"सुरेखा काढत हुती तवा मी जागा हुतो. तिचा पाना घसरला, 'आई गं' म्हणाली. उठून मदत करावी वाटलं. पण चोराला मदत कशी करायची?"

"मग निपाणीला कशाला गेलता आप्पा?"

आप्पांनी कप खाली ठेवला. "गाडी दारात इटंवर उभी हाय. येनारा-जानारा इचारतोय, आप्पा, चाक कुठाय? चाक असून गाडी उभी असली तर लोक म्हनत्यात, म्हातारा आता चालवत न्हाय. चाक काढून ठेवलं असलं तर म्हनत्यात, म्हाताऱ्याची गाडी घरच्यांनी काढून घेतली. फरक हाय का न्हाय?"

"हाय."

"डॉक्टर बोलला, ते मनोहरकडं बघून. मनोहर बोलला, ते सुरेखाकडं बघून. सुरेखा चाकाशी बोलली. चाक तुज्याशी बोललं. मी घरात असतो रं दिवसभर."

मला त्यांच्या डोळ्यांचं कळल्यावर मीही छताकडं बघून एक्सल आणि भोकं सांगितली होती. पण मी मेस्त्री माणूस, हरायची सवय नाही. म्हटलं, "तुमी तरी कुठं बोललासा घरात?"

"बोललो की. म्हैस बाजूनं आली, फाटक बाजूनं आलं, समद्यास्नी सांगत हुतो. कुनाला तरी कळायला नको?"

मी विचारलं, "चाक बसवून दिलं तर चालवणार न्हाय न्हवं?"

आप्पांना खोटं सांगता आलं असतं. "एक फेरी मारीन," म्हणाले.

"मग बसवत न्हाय."

"अर्धी?"

"किल्ली कुनाकडं देताय ते सांगा. मग बसवतो."

आप्पांनी कप उचलून उरलेला चहा संपवला. शेवटी म्हणाले, "तू उद्या ये. दिवसा ये. लोक असताना."

मी गेलो. सुटीचा दिवस होता, गल्लीत माणसं होती. मला माळ्यावरचं चाक खांद्यावरून आणताना बघून सुरेखाच्या चेहऱ्यावर जे आलं, ते कुठल्याही वर्तमानपत्राला छापता येणार नाही. "अण्णा, तुमच्यावर भरवसा टाकलता," एवढंच म्हणाली. मी मान खाली घालून कामाला लागलो. पुठ्ठा काढला, ताटली चिमट्यात सरकवली, एक्सल घातला, नट आवळला. वाटीतला एक वायसर राहिला होता, तोही तिनंच आणून दिला. काम अर्धवट तिला बघवत नव्हतं.

चाक बसल्यावर आप्पा बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. गल्लीला ऐकू जाईल अशा, बसमधल्या शेवटच्या सीटपर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाले, "मला आता गाडीचा कंटाळा आला. आजपासनं ही गाडी सुरेखा चालवनार." आणि किल्ली तिच्यापुढं धरली.

सुरेखा दोन पावलं मागं सरली. "मी? मला कुठं येतंय?"

"काढायला आलं, चालवायला न्हाय येत?"

सुरेखानं तोंडाला पदर लावला. ती हसते आहे की रडते आहे हे मला कळलं नाही आणि मी दुसरीकडं बघितलं. मनोहर म्हणाला, "बघू." त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

शिकवणी सांबऱ्यातल्याच विमानतळाच्या कुंपणाबाहेरच्या मोकळ्या रानात झाली. सुरेखानं मला नंतर सांगितलं. आप्पा मागं बसायचे आणि गाडी नव्हे, बस शिकवायचे. वळताना मागच्या चाकाला जागा सोड, म्हणायचे. मोटरसायकलचं मागचं चाक पुढच्याच्या मागनंच येतं, हे त्यांना मान्य नव्हतं. निघताना कंडक्टरासारखं "रायट" म्हणायचे, थांबताना "होल्डान". आणि सुरेखानं गिअर चुकवला की आयुष्यभराच्या सवयीनं कानडीत ओरडायचे, "निल्लिसू!", म्हणजे थांबव. पलीकडं विमानं उतरायची, अलीकडं ही. विमानांचा आवाज कमी व्हायचा. पण तिनं शिकून घेतलं आणि रीतसर लायसन काढलं. परीक्षा घेणाऱ्या साहेबाला आप्पांनी बाहेर उभं राहून चार सूचनाही केल्या म्हणे.

परवा दोघं दुकानात आली होती. ब्रेक ऑइल बदलायचं होतं. मी काम करत असताना सुरेखा समोरच्या दुकानात गेली, तेव्हा आप्पा माझ्याकडं वाकून म्हणाले, "पोरगी बरी चालवती. तिला सांगू नको." हे त्यांनी एवढ्या मोठ्यानं सांगितलं की तिनं तिथूनच मागं वळून बघितलं.

निघताना सुरेखानं गाडी रस्त्याच्या कडेला लावली. आप्पा मागं बसले, धोतर आवरलं. "रायट," म्हणाले. ती वळणार तेवढ्यात उजवीकडून एक सरकारी बस आली. ड्रायव्हर अर्ध्या वयाचा, आप्पांच्या हाताखाली शिकलेला असावा. त्यानं त्यांना ओळखलं आणि खिडकीतून हात वर केला. आप्पा नाकासमोर बघत होते. बस त्यांच्या बाजूनं, अगदी हाताच्या अंतरावरून गेली. त्यांना ती दिसली नाही.

सुरेखानं मान मागं केली. "मामंजी, त्या बसवाल्यानं हात केला तुमास्नी."

"कुठल्या?"

"आत्ता गेली ती. उजवीकडनं."

आप्पांनी लगेच उजवा हात उंच केला, पूर्ण, जुन्या रुबाबात. बस केव्हाच पुढच्या चौकात पोचली होती. सुरेखानं गाडी काढली. हात तसाच वर होता.

मागून येणाऱ्या रिक्षावाल्याला वाटलं हे उजवीकडं वळतायत. तो थांबला. त्याच्या मागं टेंपो थांबला, टेंपोच्या मागं शाळेची व्हॅन. खासबागचा सगळा रस्ता आप्पांसाठी उभा राहिला आणि ती दोघं सरळ निघून गेली.